‘पैसे खाल्ले’ म्हणण्याआधी: उखडलेल्या रस्त्याचा हिशोब कसा मागायचा

प्रश्न थोडक्यात असा: गावातला काँक्रीटचा रस्ता सात-आठ महिन्यांतच उखडला. व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज ‘सरपंचाने पैसे खाल्ले’ असं चाललंय, पण ग्रामसभेत कुणी तोंड उघडत नाही. सरपंच दुसऱ्या गटाचे आहेत. नोकरी सांभाळून एकटा माणूस नेमकं काय करू शकतो?

बरंच काही करू शकतो. पण सुरुवात तक्रारीपासून करू नका. सुरुवात त्या एका वाक्याचे तुकडे करण्यापासून करा.

‘रस्ता उखडला’ हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ‘काम निकृष्ट झालं’ हा त्यावरून काढलेला अंदाज आहे. ‘पैसे खाल्ले’ हा अंदाजावरचा अंदाज. आणि ‘सरपंचाने खाल्ले’ यात तर माणूसही ठरवून टाकलाय. चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीला वेगळा पुरावा लागतो. ग्रुपवर या चारही एका दमात चढल्या जातात. म्हणूनच पुढे चौकशी लागली की सगळं कोसळतं आणि खरोखर दोषी असलेला माणूस ‘राजकीय द्वेषातून तक्रार’ म्हणून सुटतो. गावोगाव तक्रारी अशाच मरतात.

पहिला शोध: रस्ता कुणाचा? गावातला प्रत्येक रस्ता ग्रामपंचायतीने केलेला असतो असं नाही. निधी वित्त आयोगाचा असू शकतो, आमदार फंडातला असू शकतो, ‘२५१५’ या ग्रामविकासाच्या लेखाशीर्षाखालचा (सरकारी खर्चाच्या खात्यातला) असू शकतो, वस्ती सुधार योजनेचा किंवा जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचा असू शकतो. काम करून घेणारी यंत्रणाही त्याप्रमाणे बदलते. आमदार फंडातून झालेल्या रस्त्यासाठी सरपंचाला शिव्या घालण्यात गावाची दोन वर्षं गेल्याचं दिसतं, आणि बिल काढणाऱ्या कार्यालयाला कुणी एक पत्रही लिहिलेलं नसतं. कामाच्या ठिकाणी फलक असेल तर त्यावर योजनेचं नाव, रक्कम, ठेकेदार, कामाची तारीख सापडते. फलकाचा फोटो काढून ठेवा, ते फार दिवस टिकत नाहीत. फलकच नसेल तर तेही टिपून ठेवा.

काम पंधराव्या वित्त आयोगाच्या (२०२१-२६) निधीतलं असेल तर घरबसल्या बरंच कळतं. ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडली की आराखड्यातली कामं आणि झालेला खर्च दिसतो. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. हा निधी पूर्ण मोकळा नसतो. त्यातला ६० टक्के बंधित असतो, म्हणजे निम्मा पिण्याच्या पाण्याशी संबंधित कामांसाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. अबंधित फक्त ४० टक्के, आणि त्यातूनही पगार-आस्थापना खर्च करता येत नाही. त्यामुळे ‘वीस लाख आले आणि रस्त्याला आठच लावले’ हा आरोप करण्याआधी वीसपैकी रस्त्याला लावता येण्याजोगे किती होते ते बघा. उत्तर आठ निघेल. ‘बाकीचे बारा कुठे गेले’ याचं उत्तर पाणी आणि गटाराच्या कामांत शोधायचं, रस्त्यात नाही.

आता रस्त्यापाशी चला. हातात मोजपट्टी, वही आणि फोन एवढंच लागतं.

समजा रस्ता १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि अंदाजपत्रकात काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर आहे. काँक्रीट झालं १०० × ३ × ०.१५ म्हणजे ४५ घनमीटर. एम-२० दर्जाच्या नेहमीच्या १ : १.५ : ३ मिश्रणाला घनमीटरमागे साधारण ८ गोणी सिमेंट लागतं, म्हणजे ३६० गोण्या. जाडी १० सेंटिमीटरच टाकली असेल तर काँक्रीट ३० घनमीटर आणि सिमेंट २४० गोण्या. १५ घनमीटर काँक्रीट आणि १२० गोण्यांचा फरक फक्त त्या पाच सेंटिमीटरमध्ये लपतो. म्हणून जाडी हा सगळ्यात पहिला प्रश्न.

जिथे स्लॅबची कड उघडी पडलीय अशा पाच-सहा ठिकाणी पट्टी उभी धरून फोटो काढा. पट्टीचा आकडा वाचता आला पाहिजे आणि मागे ओळखीची खूण (शाळेची भिंत, विजेचा खांब) दिसली पाहिजे. पण या मोजणीवर निकाल देऊ नका. फळ्या लावून काँक्रीट ओततात, त्यामुळे कडेला जाडी बरोबर आणि मध्ये कमी असं सर्रास होतं. कधी उलटही होतं. कडेची मोजणी फक्त ‘आत बघायला हवं’ एवढंच सांगते.

रस्ता कसा बिघडलाय हे त्याहून जास्त बोलतं. वरचा थर भुकटी होऊन खडी उघडी पडली असेल तर बहुतेक वेळा मिश्रणात पाणी जास्त झालंय किंवा नंतर पाणी मारलं गेलं नाही. रस्ता आडवा, ठरावीक अंतराने चिरला असेल तर सांधे वेळेत कापले नाहीत असं समजा. साधारण तीन ते साडेचार मीटरवर सांधा द्यावा लागतो. आपण दिला नाही तर काँक्रीट आकसताना स्वतःच कुठेतरी तडकतं. कोपरे आणि कडा तुटल्या असतील तर साइडपट्टीत मुरूम भरलेला नाही आणि ट्रॉलीचं चाक कडेवरून जातंय. आणि एक लांबट पट्टाच खाली बसला असेल तर आधी विचारा की तिथून नळाची पाइपलाइन गेली का. २०१९ नंतर जलजीवन मिशनची पाइपलाइन टाकायला गावोगाव रस्ते खोदले गेले. चर नीट दाबून न भरता वरून काँक्रीट ओतलं की पहिल्या पावसाळ्यात तो बसणारच. अशा वेळी रस्त्याचा ठेकेदार, पाणीयोजनेचा ठेकेदार आणि मध्ये समन्वय न ठेवणारी यंत्रणा, तिघांचाही वाटा निघतो.

आणि काही वाटा आपला. हे वाचायला आवडणार नाही, पण हिशोब पुरा करायचा तर ते धरलंच पाहिजे. सात दिवसांच्या काँक्रीटमध्ये अठ्ठाविसाव्या दिवसाच्या ताकदीची साधारण दोन तृतीयांश ताकद आलेली असते. अशा रस्त्यावरून चौथ्या दिवशी उसाची भरलेली ट्रॉली कुणी नेली? बॅरिकेड म्हणून ठेवलेले दगड रात्री कुणी बाजूला सारले? नळजोडणीसाठी तयार रस्ता मधोमध कुणी फोडला आणि वर नुसती माती लोटली? मोरीचं पाणी वर्षभर रस्त्यावर कुणाच्या घरातून येतं? काँक्रीटवर किमान १४ दिवस पाणी मारायचं असतं. ते मारलं जात नाही हे रस्त्यालगतच्या चाळीस घरांना रोज दिसत होतं. त्या चाळीसपैकी एकाने तेव्हा फोटो काढून ग्रामपंचायतीत लेखी दिलं असतं तर आज तुमच्या हातात तारखेसह पुरावा असता.

आता कागद. माहिती अधिकाराचा अर्ज लोक सहसा चुकीच्या प्रश्नाने वाया घालवतात. ‘रस्ता इतक्या लवकर का उखडला? याला जबाबदार कोण?’ असं विचारलं की ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, आणि कायद्याप्रमाणे ते बरोबर असतं. २००५चा कायदा कार्यालयात असलेला कागद देतो, कुणाचं मत किंवा खुलासा तयार करून देत नाही. म्हणून कागदाचं नाव घेऊन मागा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि १५० शब्दांत बसवायचा असतो, तेव्हा प्रस्तावना लिहूच नका. जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात एवढं पुरतं:

‘मौजे ____ येथील ____ ते ____ या काँक्रीट रस्त्याच्या कामाबाबत, सन ____, खालील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: प्रशासकीय मान्यता आदेश, तांत्रिक मान्यतेसह अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश व करारनामा, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पाने, अदा केलेली बिले व त्यातील कपातींचा तपशील, साहित्य व काँक्रीटचे चाचणी अहवाल, काम पूर्णत्वाचा दाखला.’

वर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. प्रतींचा दर पानाला २ रुपये. ग्रामपंचायतीत माहिती अधिकारी म्हणजे ग्रामसेवक (२०२४ मध्ये पदनाम बदलून ग्रामपंचायत अधिकारी झालं). अर्ज हातोहात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय निघू नका. पोच देत नसतील तर सरळ स्पीड पोस्टाने पाठवा. काम दुसऱ्या कार्यालयाचं निघालं तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं हे त्यांचं काम आहे, परत करणं नव्हे.

उत्तरासाठी ३० दिवस. मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते. त्यानंतरच्या ३० दिवसांत जोडपत्र ‘ब’ भरून, २० रुपयांचं स्टॅम्प लावून पहिलं अपील. तेही फसलं तर ९० दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं. दोषी अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड होऊ शकतो. दुसऱ्या अपिलाला वेळ लागतो हे धरूनच चाला. त्यामुळे झेरॉक्सची वाट बघण्यापेक्षा अर्जात ‘अभिलेखाची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी’ हेही मागून ठेवा. पहिला तास पाहणीला पैसे लागत नाहीत आणि फाइल समोर आली की काय मागायचं राहिलं ते लगेच कळतं.

कागद आले की सगळ्यांत आधी मोजमाप पुस्तिका उघडा. तिला सगळे एमबी म्हणतात. बिल निघतं ते एमबीवर. अंदाजपत्रक म्हणजे काय करायचं ठरलं, एमबी म्हणजे काय केलं असं अभियंत्याने सही करून सांगितलं. तिथे लांबी, रुंदी, जाडी लिहिलेली असते. तुमची कडेची मोजणी १०-११ सेंटिमीटर आणि एमबीत ०.१५ मीटर, असं निघालं तर आता तुमच्या हातात ठोस काहीतरी आहे. आणि बघा, ही सही शाखा अभियंत्याची असते. सरपंच जाडी मोजत नाही. पैसे सोडण्याची जबाबदारी सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या सहीवर येते, पण माप खोटं असेल तर पहिला प्रश्न माप लिहिणाऱ्याला विचारायचा. ग्रुपवर त्याचं नाव कधीच येत नाही, कारण तो कुठल्याच गटाचा नसतो.

बिलात कपाती बघा. सुरक्षा अनामत कापली आहे का आणि करारनाम्यात दोषदायित्वाचा कालावधी किती आहे? त्या काळात काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचं असतं आणि अनामत त्याआधी परत करायची नसते. पुष्कळ गावांचं इथेच नुकसान होतं. वाद ‘खाल्ले की नाही’ यावर वर्षभर चालतो, तोवर मुदत संपते, अनामत परत जाते, आणि फुकटात होणारी दुरुस्ती पुन्हा गावाच्या पैशाने होते. म्हणून मुदत चालू असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी दोषदायित्वाखाली दुरुस्तीची लेखी मागणी करा. तिला कुणाचा अपराध सिद्ध करावा लागत नाही.

माप आणि एमबी जुळत नसेल तर गटविकास अधिकाऱ्यांकडे ‘संयुक्त पाहणी, फेरमोजणी व कोअर चाचणी’ मागा. काँक्रीटमधून नळकांड्यासारखा नमुना कापून काढतात. त्यात जाडीही दिसते आणि ताकदही कळते. आयएस ४५६ या मानकाप्रमाणे किमान तीन नमुने घ्यायचे, त्यांची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या ८५ टक्के यायला हवी आणि एकही नमुना ७५ टक्क्यांखाली जाता कामा नये. एम-२० म्हणजे ठरलेली ताकद २० (न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर), त्यासाठी हे अनुक्रमे १७ आणि १५ होतं. नमुना कुठून घ्यायचा हे ठेकेदाराने ठरवू नये, सर्वांसमोर चिठ्ठी टाकून जागा ठरवा. तक्रारीच्या अर्जात विशेषणं नकोत. ‘भ्रष्ट’, ‘संगनमत’ हे शब्द काढून टाका आणि मोजलेला आकडा, एमबीतला आकडा, फोटोची तारीख लिहा. पुराव्याशिवाय नाव घेऊन ग्रुपवर लिहिलेलं वाक्य भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी ठरू शकतं. पण मोजमापात फरक असल्याचा अर्ज नीट दिला तर तो तुमचा हक्क आहे.

या सगळ्यात स्वतःला एक प्रश्न विचारत राहा, आणि तो मनापासून विचारा: हाच रस्ता आपल्या गटाच्या सरपंचाने केला असता, तर मी मोजपट्टी घेऊन गेलो असतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर काम सोडू नका, उलट मागच्या पाच वर्षांतला आपल्या गटाच्या काळातला एक रस्ताही त्याच पद्धतीने मोजा. दोन्ही आकडे ग्रामसभेत ठेवणाऱ्या माणसाचं बोलणं विरोधकही ऐकून घेतात. गावात भावकी आणि पार्टी सोडून कुणी बोलतच नाही ही जी सवय झालीय, ती एवढ्याने हलते.

ग्रामसभेकडे येऊ. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. प्रथेने त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यापैकी जी संख्या कमी असेल ती लागते. १,२०० मतदारांचं गाव असेल तर १५ टक्के म्हणजे १८०, पण १०० जण पुरतात. एवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. तिथे बारा माणसं पूर्ण गावाच्या नावाने ठराव करून मोकळी होतात. ‘ठराव मागच्या दाराने झाला’ अशी ओरड असते, पण पुढचं दार शंभर माणसं न आल्यामुळे बंद झालेलं असतं. तुमचं पहिलं राजकीय काम म्हणजे तुमच्या गल्लीतून दहा माणसं सभेला आणणं. नियमित ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. पाणी, गटार, रस्त्यावरचं मोरीचं पाणी हे विषय तिथे जास्त नेमके येतात, तेव्हा घरातल्या बाईमाणसांना नोटिशीची तारीख आधी कळली पाहिजे.

कलम ८ पाठ करून ठेवण्यासारखं आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल, चालू वर्षाचे कार्यक्रम आणि शेवटच्या लेखापरीक्षणाचे आक्षेप त्यांच्या उत्तरांसह ठेवायचे असतात. म्हणजे १ मेच्या सभेत उठून ‘लेखापरीक्षणाची टिपणी वाचून दाखवा’ म्हणणं ही मेहेरबानीची विनंती नाही. विषय मात्र आधी लेखी द्या, सभेच्या आठ-दहा दिवस आधी, पोच घेऊन. ऐनवेळच्या विषयाला ‘पुढच्या सभेत बघू’ हे एकच उत्तर असतं.

बोलताना भाषण नको. ‘एमबीत जाडी पंधरा, सहा ठिकाणी मोजली ती दहा-अकरा. फेरमोजणीचा ठराव घ्यावा,’ बस. ठरावाचे शब्द आधीच कागदावर लिहून न्या, सूचक आणि अनुमोदक ठरवून न्या. आणि सही! हजेरीच्या वहीवर सही करताना ती हजेरीचीच वही आहे ना, वर तारीख आणि सभेचा उल्लेख आहे ना, हे बघा. कोऱ्या पानावर सही करू नका. इतिवृत्त त्याच दिवशी लिहून वाचून दाखवा असा आग्रह धरा, आणि सभा संपल्यावर आठवड्याने ठरावाची प्रत मागून घ्या.

एकट्याला हे जड जातं हे खरं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने यावर फार चांगली वाट काढली. तिथे अभ्यासगट वेगळा आणि निर्णय घेणारी ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात प्रश्न समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला विचारायचं. निर्णय सगळं गाव मिळून सर्वसहमतीने करणार. त्याच गावाने सामूहिक वनहक्क मिळवून २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आणला. तुमच्या गावात चार-पाच जण पुरेत: एखादा निवृत्त शिक्षक, बांधकामाची कामं घेणारा मिस्त्री, हिशोब लिहिता येणारी बचत गटातली ताई. दोन्ही गटांतलं एकेक माणूस असावंच. महिन्यातून एकदा बसून एकच कागद वाचायचा.

आणि सभेला जाण्याआधी स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टीची पावती काढून बघा. ग्रामपंचायतीत नमुना ८ म्हणजे आकारणीची यादी, नमुना ९ म्हणजे मागणीची. तुमच्या नावापुढे थकबाकी असेल तर उभं राहिल्याबरोबर पहिलं तेच काढलं जाईल. सदस्यांनाही हा नियम कडक आहे: बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर कलम १४ खाली अपात्रता येते. दिवाबत्तीचं बिल, पाण्याच्या मोटारीची वीज, शिपायाचा पगार याला याच कराचा हातभार लागतो, आणि याच स्वनिधीतून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी वेगळे काढावे लागतात. वसुलीच नाही तर हे तिन्ही शून्यावर येतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्याने पूर्ण कर भरणाऱ्याला दळण मोफत देऊन ही गाठ सोडवली.

पुढच्या कामासाठी एवढं आत्ताच करून ठेवा. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा साधारण २ ऑक्टोबरच्या सभेपासून सुरू होते. रस्ता त्यात येणार असेल तर त्याच सभेत ठराव घ्या: काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रकाची प्रत नोटीस बोर्डावर, पाइपलाइन आणि गटार आधी, काँक्रीट ओतताना गल्लीतली दोन माणसं हजर, जाडी दर दहा मीटरवर मध्ये आणि दोन्ही कडांना मोजून वहीत नोंद, १४ दिवस पाणी मारायची घरनिहाय पाळी, आणि २८ दिवस अवजड वाहन बंद. पाळीची यादी करताना पहिलं नाव तुमच्या घराचं लिहा.